चष्मा कामगारांच्या दारी पोहोचावा

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईत भरणाऱ्या धर्मादाय नेत्रशिबिरांचा भर मोतीबिंदूवर असतो आणि ते योग्यच आहे; मात्र चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, त्या साध्या तक्रारीकडे तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाही. डोळ्यातील भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होणे कुणालाच चुकत नाही, पण वागळे इस्टेटमधील शिलाई कामगाराला सुईचे नेढे किंवा तुर्भ्याच्या बाजारात धान्य निवडणाऱ्या बाईला दाण्यातला खडा दिसेनासा झाला, की थेट रोजच्या कमाईलाच कात्री लागते. आसामच्या चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या कामगारांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तीत जवळचा चष्मा मोफत मिळालेल्यांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. एवढ्या अल्प खर्चात इतका फरक घडवणारी दुसरी मदत निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

शिबिर कामाच्या दिवशी सकाळी ठेवले, तर रोजंदारी बुडवून कोण येणार? म्हणून संस्थांनी आणि दोन्ही महापालिकांनी ती रविवारी, कारखाने व बाजारपेठांच्या जवळ भरवावीत आणि चष्मा शक्यतो जागेवरच द्यावा. चष्मा देण्यापूर्वी डोळ्यांची पूर्ण तपासणी मात्र अवश्य व्हावी, कारण काचबिंदू सुरुवातीला बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही आणि त्यामुळे गेलेली दृष्टी परत येत नाही.

— एक वाचक, ठाणे