भीमच्या डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर,
स. न. वि. वि.

भीम, माझा ग्रेट डेन जातीचा कुत्रा, दीड वर्षाचा झाला. काल एक्स-रे बघून तुम्ही म्हणालात, "हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चा मिटल्या, वाढ पूर्ण झाली." तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, म्हणून हे पत्र.

तीन महिन्यांचा ग्रेट डेन घेऊन मी पहिल्यांदा आले, तेव्हा पिशवीत कॅल्शियमच्या सिरपची बाटली होती. एवढं थोराड पिल्लू, त्याला कॅल्शियम जास्तच लागणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही लेबल वाचलंत आणि बाटली तुमच्याच टेबलावर ठेवून घेतलीत. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही, ते शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. हे तुम्ही न चिडता, दोनदा समजावलंत.

मग माझा हात धरून भीमच्या बरगड्यांवर फिरवलात. म्हणालात, "मूठ वळा. बोटांच्या हाडांसारखं टोचलं तर हडकलाय, तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर लठ्ठ. हात सरळ धरून पालथ्या पंजावर जसं लागतं, तसं हवं." दर रविवारी मी तेच करत आले.

सोपं नव्हतं हो. मोजून दिलेलं संपवून तो रिकामं भांडं ढकलत माझ्यापर्यंत आणायचा. येणारे-जाणारे विचारायचे, उपाशी ठेवता का त्याला? त्या दिवसांत तुम्ही सांगितलेला लॅब्राडोरचा अभ्यास मी मनात घोकायचे: 48 पिल्लं, भावंडांच्या जोड्या, जोडीतल्या एकाला 25 टक्के कमी खाणं. कमी खाणारे सुमारे दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. सावकाश वाढल्याने उंची खुंटत नाही, ती आईबापांकडून येते, हेही तुमचंच. आज भीमची पाठ माझ्या कमरेच्या वर लागते.

गुळगुळीत फरशीवर चटया टाकल्या, जिने टाळले, बरोबर पळायला नेणंही थांबवलं. पट्टा न ओढता त्याच्या कलाने खेळू दिलं.

काल निघताना तुम्ही म्हणालात, आता हळूहळू पळायला न्या. उद्या पहाटे आम्ही दोघं निघणार आहोत, थोडंसंच.

तुमची मनापासून ऋणी,
भीमची आई