वेलिंग्टनच्या घोड्याला एक ओळपण नाही?

संपादक साहेब, नमस्कार. रविवारच्या पुरवणीत वॉटर्लूच्या लढाईवर (ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने नेपोलियनला हरवलं ती) पानभर लेख आला, मस्त होता, पण वेलिंग्टनच्या घोड्याचं नावसुद्धा नाही म्हणजे काय! कोपनहेगन त्याचं नाव, 1808 चा जन्म, त्याची आई डेन्मार्कच्या राजधानीवरच्या, म्हणजे कोपनहेगनच्या, ब्रिटिश मोहिमेत होती म्हणून ते नाव पडलं. आधी रेसमध्ये पळायचा, तिथे फार काही जमलं नाही. पण 18 जून 1815 ला, वॉटर्लूच्या दिवशी, अख्खा दिवस साहेबाला पाठीवर घेऊन तोफांमध्ये फिरला आणि रात्री वेलिंग्टनने उतरून कौतुकाने थाप मारली तर ह्या पठ्ठ्याने अशी लाथ झाडली की साहेब थोडक्यात वाचला. (लढाईत एक ओरखडा नाही आणि घरच्या घोड्याने लोळवलं असतं!) 1836 मध्ये मेला तेव्हा लष्करी मानाने पुरला, पण त्याचा एक खूर कोणीतरी आधीच कापून नेलेला, त्यावरून साहेब जाम भडकला म्हणे.

आणि हा वेलिंग्टन आपल्याला काही परका नाही, 1803 मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला हाच पुण्यात आला होता, तेव्हा नाव वेलस्ली, आणि त्याच वर्षी असईला (आत्ताच्या जालना जिल्ह्यातलं गाव) मराठ्यांशी लढताना त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. ह्यावर पुण्यातल्या पेपरने नाही लिहायचं तर कोणी? जमलं तर सोबत आपल्या भीमेकाठच्या भीमथडी तट्टांवरपण एक लेख येऊ द्या, मराठ्यांची निम्मी दौड त्यांच्याच जिवावर होती.

- एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे