अडीच किलोचा सुळका

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मुलाखतीचं हसत हसत सांगितलंस, पण आवाज उतरलेला कळत होता. "डॉक्टर नाही, अर्थशास्त्राच्या नाही, संख्याशास्त्रातही धड राहिला नाहीत, मग तुम्हाला घ्यायचं कुठल्या विभागात?" असं विचारलं म्हणे. बाबांचं म्हणणं, एमएस्सी झाल्यावर बँकेची परीक्षा दिली असती तर ही वेळ आली नसती. त्यांचं मनावर घेऊ नकोस. तू करतेस तसा लोकसंख्येचा आणि आरोग्याचा अभ्यास करणारी अख्खी संस्था मुंबईत 1956 पासून आहे, हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

मी जन्मभर उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका होते, तुझ्या कामाचं एकच टोक मला दिसतं. तिथून जे दिसतं ते सांगते.

आपल्याकडे दसरा सरला की माणसं ऊसतोडीला जातात. त्यातली एखादी बाई येऊन दबक्या आवाजात सांगते, अंगावरून पांढरं जातंय. डॉक्टर जंतुसंसर्ग लिहितात, गोळ्या देतात. बरोबरच आहे. पण ती कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहते, तिथे न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं. नवरा-बायको मिळून मजुरीला एकच कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे गोळ्या संपल्या तरी ती पुन्हा दाखवायला येत नाही. दुखणं वाढतं, मग कुणीतरी सांगतं, गर्भाशयाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. 2019 मध्ये बीडच्या या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आता सांग, हा प्रश्न कुठल्या विभागाचा? स्त्रीरोगाचा, पाण्याचा, मजुरीचा की कर्जाचा? तुला विभाग विचारणाऱ्यांना एकदा हे विचारायला हवं होतंस. (विचारलं नाहीस ते बरंच झालं म्हणा, नोकरी हवी आहे.)

दिवाळीत तू मला लॅपटॉपवर बाळांच्या वजनाचा आलेख दाखवला होतास. अडीच किलोवर एकदम सुळका, त्याच्या अलीकडे खड्डा. तुझ्या सरांनी 'डेटा एरर' म्हणून सोडून दिलं होतं. मला बघताक्षणी कळलं. झोळीत बाळ पाय झाडत असतं, काट्याची सुई 2.4 आणि 2.5 च्या मध्ये नाचत असते. अडीचच्या खाली लिहिलं की ते कमी वजनाचं बाळ. मग वेगळी नोंद, जादा भेटी, आणि मीटिंगमध्ये वरून विचारणा, तुमच्याच गावात एवढी कशी? लिहिणारीचा हात आपसूक अडीचकडे वळतो. वयाचंही तेच. म्हातारीला विचारलं तर साठ, नाहीतर पासष्ट, त्रेसष्ट कुणी सांगत नाही. तुला तो सुळका दिसला तो तुझ्या शिक्षणामुळे. आता तो का उभा राहिला तेही लिही. तुझ्या सरांना ते लिहिता येणार नाही, मला तुझा आलेख काढता येणार नाही.

असं विभाग ओलांडून काम करणं काही जगावेगळं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. ते किती जिकिरीचं, मला विचार. त्याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या बायोमेट्री अँड न्यूट्रिशन (संख्याशास्त्र आणि पोषण) विभागातल्या शोभा राव यांनी बायकांच्या कामाचाही हिशेब मांडला. पाणी आणणं, शेतातलं काम, सगळं. जिला जास्त कष्ट, तिचं बाळ लहान, असं दिसून आलं. हंड्याचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध नुसत्या दवाखान्यात बसून कळला नसता.

आता व्यवहाराचं. तुझं सध्याचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे, पुढचं कुठे मिळतंय ते आठव्या महिन्यापासून बघायला लाग. पेपरवर तुझं नाव कितवं येणार ते काम सुरू व्हायच्या आधी विचार आणि ईमेलवर घे. आकडे तू जुळवायचे आणि नाव चौथं, हे एकदा झालं तेवढं बास. संख्याशास्त्राचा सराव सोडू नकोस, चार विषयांतलं थोडं थोडं येणारे ढीगभर असतात. लग्नाचं मी विचारत नाही, आत्याला मी बघून घेते.

आणखी एक. आपल्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, परवा बाजारात भेटल्या. तुझ्या सर्वेक्षणासाठी त्या भर उन्हात दारोदार फिरल्या, त्याचं पुढे काय झालं म्हणून विचारत होत्या. इंग्रजी प्रबंध त्यांच्या काय कामाचा? दोन पानं मराठीत लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. महिन्याच्या मीटिंगला मी स्वतः वाचून दाखवीन, आणि त्या काय म्हणतात ते तुला कळवीन.

तुझी,
आई