आर्च मॅनिंगची तुलना कोणत्या विन्सशी?

संपादक साहेब,

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉल क्वचितच येतं, पण इथे ऑस्टिनमधे टेक्सास विद्यापीठाच्या टीमची, म्हणजे लाँगहॉर्न्सची, मॅच म्हणजे सणच असतो म्हणून लिहितोय. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) आर्च मॅनिंग, त्याला लोक खेळायच्या आधीच टेक्सासचा जुना स्टार क्वार्टरबॅक विन्स यंगच्या पंक्तीत बसवून मोकळे झाले, आणि 2025 च्या पहिल्याच मॅचला ओहायो स्टेटकडून 14-7 हरल्यावर तेच लोक म्हणायला लागले की नुसतं आडनाव मोठं. आजोबा आणि दोन काका एनएफएल या व्यावसायिक लीगमधे खेळले यात पोराचा काय दोष?

विन्सचं सगळ्यांना जानेवारी 2006 चं रोझ बोल, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल, तेवढं आठवतं. चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, पाच यार्ड पुढे जायलाच हवं, पास द्यायला कोणी मोकळं दिसेना, तर गडी उजवीकडून स्वतःच पळत गुण मिळतात त्या पट्टीच्या कोपऱ्यात घुसला, 19 सेकंद शिल्लक आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची टीम) 41-38 गार! अजून अंगावर काटा येतो. पण याच विन्सच्या टीमला 2004 मधे ओक्लाहोमाने 12-0 धुतलं होतं हे कोणी बोलत नाही, त्यानंतर मग सलग 20 मॅचेस जिंकल्या. नंतरचा टेक्सासचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयने तर 45 जिंकल्या पण अलाबामाविरुद्धच्या राष्ट्रीय फायनलला सुरुवातीलाच खांदा गेला.

तुलना करायचीच तर 2004 च्या विन्सशी करा. लांबच्या पासला आर्चचा हात मला जास्त सरस वाटतो, पळण्यात मात्र विन्सच्या जवळपास कोणी नाही.

एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास