दादा, त्या बोटीवर मी आधीच जाऊन आले आहे

बहामासच्या वाटेवर, बोटीवरून
रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. दादा आणि ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "तू वीस-बावीस वेळा जाऊन आली, मग सांग, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर जावं का?" मी "जा ना, काहून नाही!" म्हणाले आणि फोन ठेवला. पण तू सांगितलेलं बोटीचं नाव डोक्यातून जाईना. एम्प्रेस. शेवटी शोधून पाहिलं आणि अंगावर काटाच आला. दादा, १९९२ साली मी आणि हे ज्या बोटीवर पहिल्यांदा चढलो ती नॉर्डिक एम्प्रेस म्हणजे हीच. १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेली. २००४ मध्ये तिचं नाव बदलून एम्प्रेस ऑफ द सीज झालं, मध्ये काही वर्षं ती एका स्पॅनिश कंपनीकडे गेली, परत आली, २०२० च्या अखेरीस विकली गेली आणि २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने मुंबईहून सुटू लागली. तिच्यावर पाय ठेवायला तुम्ही आपल्या नागपूरच्या महाल भागातून निघणार, हे वाचून मला राहवेना. फोनवर हे सगळं मावणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आठवतं का, तेव्हा मी तुला तीन फोटो पाठवले होते? भंडाऱ्याची कोशाची साडी नेसून मी कॅप्टनशेजारी उभी आहे, तो एक. ती साडी आईची. इकडे अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती, पण ती नेसण्याजोगा प्रसंगच आला नव्हता. बोटीवर एक रात्र "फॉर्मल नाइट" असायची. पुरुष कोट-टायमध्ये, बायका पायघोळ पोशाखात, आणि त्यांच्यात मी कोशाच्या साडीत. किती जणींनी पदर हातात घेऊन पाहिला! आता ती रात्र नावालाच उरली आहे. ज्याला वाटेल त्याने नटावं, बाकीचे हाफ पँटमध्ये जेवायला येतात. मी अजून साडी नेसते. या वेळी लिफ्टमध्ये एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे आज काही कार्यक्रम आहे का?

पण साडीचं जाऊ द्या. मला खरी आठवण येते ती जेवणाच्या टेबलाची. तेव्हा बोटीवर चढलं की टेबलाचा नंबर मिळायचा आणि शेवटच्या रात्रीपर्यंत तेच टेबल, तेच वेटर, शेजारी तीच माणसं. आपण निवडलेली नव्हेत, कंपनीने बसवलेली. आमच्या टेबलावर ओहायोचा एक निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको, आणि टेक्सासच्या दोघी बहिणी होत्या. पहिल्या रात्री नुसती हवापाण्याची बोलणी. दुसऱ्या रात्री पोस्टमनने नागपूर कुठे म्हणून विचारलं. मी पेपर नॅपकिनवर नकाशा काढला आणि मधोमध टिंब देऊन सांगितलं, आमच्या गावात झिरो माइलचा खांब आहे, सगळ्या बाजूंनी जमीनच जमीन, समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तो नॅपकिन त्याने घडी करून खिशात ठेवला. पुढे अकरा वर्षं त्यांचं ख्रिसमसचं कार्ड येत राहिलं.

आणि वेटर गोव्याचा निघाला. मी शाकाहारी म्हटल्यावर पहिल्या दोन रात्री उकडलेलं गाजर आणि बटाटा. तिसऱ्या रात्री तो गालात हसत आला आणि झाकण घातलेला वाडगा माझ्यासमोर ठेवला. खलाशांच्या स्वयंपाकघरातली डाळ आणि भात! डाळीवर जिरं-लसणाची फोडणी होती. मला रडूच कोसळलं. टेक्सासच्या बहिणींना वाटलं, तिखट लागलं.

ही टेबलाची पद्धत मोडायला सुरुवात झाली २००० च्या सुमारास. एका कंपनीने "वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्यासोबत जेवा" असं आणलं, लोकांना आवडलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच ते कमीअधिक उचललं. सोय आहे, नाही कशाला म्हणू? यांना गुडघ्यामुळे कधी लवकर जेवून पडायचं असतं, तेव्हा बरं पडतं. पण आज या बोटीवर चौथी रात्र आहे आणि आमची दोघांची कुणाशीच ओळख नाही. चार रात्री चार वेटर. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आपापल्या मोबाइलमध्ये.

बोटी मोठ्या झाल्या आहेत, किती, ते सांगते. तुमची एम्प्रेस सुमारे ४८,००० टनांची. (हे टन वजनाचे नसतात, बोटीच्या आत किती जागा आहे त्याचं ते माप असतं. मलाही हे फार उशिरा कळलं.) आम्ही पुढे गेलो ती सॉव्हरिन ऑफ द सीज १९८८ मध्ये निघाली तेव्हा ७३,००० टनांची होती आणि जगातली सगळ्यात मोठी प्रवासी बोट म्हणून लोक ती पाहायला यायचे. २०२४ च्या जानेवारीत आयकॉन ऑफ द सीज निघाली, ती जवळपास २,४८,००० टनांची. वीस डेक. एका खोलीत दोघं धरले तर ५,६१० प्रवासी, खच्चून भरली तर ७,६००, आणि वर दोन हजारांहून जास्त कर्मचारी. आपली अख्खी गल्ली, शेजारची गल्ली आणि बडकस चौकातली संध्याकाळची गर्दी बोटीवर चढवल्यासारखं. इतकी माणसं सांभाळायची तर बोट आतल्या बाजूला वळते. मोठ्या बोटींवर आतच बाग असते, दुकानांचा रस्ता असतो, आणि कित्येक खोल्यांच्या बाल्कन्या त्या बागेकडे किंवा रस्त्याकडे उघडतात. पैसे भरून समुद्रावर यायचं आणि बाल्कनीतून समोरच्या खोलीतले पडदे पाहायचे, हे मला पटत नाही. नॉर्डिक एम्प्रेसवर पाच पावलं टाकली की कठडा यायचा. कठड्यावर लाकूड होतं, हाताला गुळगुळीत, आणि सकाळी त्यावर खाऱ्या पाण्याचा थर असायचा.

पैशाचंही नीट सांगते, कारण दादा, तू हिशेबाचा माणूस. पूर्वी तिकिटात जवळजवळ सगळं यायचं. दारू, जुगार आणि किनाऱ्यावरच्या सहली तेवढ्या वेगळ्या. मध्यरात्रीचा बुफे असायचा, बर्फात कोरलेले हंस मांडलेले. तिकिटावर तो सगळ्यांना. तो बुफे आता बहुतेक बोटींवरून गेला. चांगल्या उपाहारगृहांना वेगळे पैसे, कॉफीला वेगळे, इंटरनेटला वेगळे. शेवटच्या रात्री आपण पाकिटात घालून वेटरच्या हातात द्यायचो ती बक्षिसीसुद्धा आता रोज आपोआप खात्यावर चढते. आमच्या बिलात माणशी रोज साडेअठरा डॉलर आहेत. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नात तिकिटाबाहेरच्या खर्चाचा वाटा आज साधारण तीस-पस्तीस टक्के असतो. म्हणजे जाहिरातीत तिकीट स्वस्त दिसलं तरी एकूण खर्च त्याच्या दीडपट धरून चाला.

आणि एवढे पैसे वाढूनही राबणाऱ्या माणसाचा भार कमी झालेला नाही, याचा मला राग येतो. खोली साफ करणारा मुलगा पूर्वी दिवसातून दोनदा यायचा. रात्री उशीवर चॉकलेट ठेवायचा आणि टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. आता पहिल्या दिवशीच विचारतात, सकाळी हवा की संध्याकाळी? एकदाच येतो, कारण त्याच्याकडच्या खोल्या वाढल्या आहेत. या वेळचा मुलगा इंडोनेशियाचा आहे. घामाने निथळलेला असतो तरी नाव घेऊन नमस्कार करतो. त्याचं पाकीट मी वेगळं भरून ठेवलं आहे.

उद्या आम्ही कोकोके या कंपनीच्या खासगी बेटावर उतरणार. १९९२ मध्येही ह्याच बेटावर उतरलो होतो, तेव्हा छोट्या होड्यांतून सोडायचे. वाळू, नारळाची झाडं, झोपाळे आणि पत्र्याच्या शेडखाली भाजलेलं कणीस. संपलं. हे त्या दिवशी दोन झाडांच्या मधल्या झोळीत चार तास झोपले होते. २०१९ मध्ये त्याच कोकोकेचं सगळं रूप पालटलं. बोट थेट धक्क्याला लागते, आणि बेटावर १३५ फूट उंचीची पाण्याची घसरगुंडी आहे, जिच्या पार्कचं तिकीट वेगळं. नातवंडांना काय मजा आली असती! मुलांसाठी ते फार चांगलं आहे, मी मनापासून सांगते. मी मात्र मागच्या खेपेला ती झाडं शोधत फिरले.

आता सगळं जुनंच चांगलं, असं मी म्हणत नाही. दादा, २००३ मध्ये बाबा गेले तेव्हा मी बोटीवर होते. तू आमच्या घरी फोनवर फोन करत होतास आणि मी समुद्रात, कुठलाही निरोप न पोचणाऱ्या जागी, डेकवर पुस्तक वाचत होते. बोटीवरून फोन करायचा तर मिनिटाचे कितीतरी डॉलर, म्हणून आम्ही लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी बंदराला लागल्यावर कळलं. अग्नी देऊन झाला होता. तेव्हापासून बोटीवरची ती शांतता मला कधी तशी लाभली नाही. २०२२ पासून बोटींवर स्टारलिंकचं, म्हणजे उपग्रहांवरून येणारं, इंटरनेट यायला लागलं आणि आता समुद्राच्या मध्यावरून मी तुमच्या अंगणातली तुळस पाहते. परवा तुम्ही दोघं तर्री पोहे खात होतात, ते मी डेकवरून पाहिलं. त्यामुळे इंटरनेटला लोक कितीही नावं ठेवोत, मी ठेवणार नाही.

शाकाहारी माणसाचंही बरं झालं आहे. जवळजवळ रोज रात्री मेन्यूवर एक भारतीय पदार्थ असतो. तुमच्या बोटीवर तर जैन जेवणही मिळतं, वहिनी, तेव्हा कांदा-लसणाची काळजी सोडा.

एक गोष्ट मात्र दोघांनी माझं ऐकून करायची. बोट सुटण्याआधी संकटकाळची कवायत असते, तिला दांडी मारायची नाही. पूर्वी सायरन व्हायचा, सात छोटे भोंगे आणि एक लांब, आणि आम्ही सगळे नागपुरी संत्र्याच्या रंगाची जाकिटं घालून होड्यांखाली रांगेत उभे राहायचो. कंटाळा यायचा, घाम यायचा, पण आपली होडी कोणती ते डोळ्यांनी दिसायचं. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायचीच होती. त्यानंतर बोट हलण्याआधी कवायत घेण्याचा दंडक आला. कोविडनंतर मात्र इथल्या बऱ्याच बोटींवर मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा आणि ठरलेल्या जागी जाऊन नुसती नोंद करायची असं झालं आहे. मी नोंद करते आणि मग मान वर करून होडीचा नंबर वाचते. तुम्हीही वाचा.

कोविडचं लिहायला नको वाटतं. मार्च २०२० पासून सव्वा वर्ष अमेरिकेच्या बंदरांतून एकही मोठी क्रूझ निघाली नाही. त्या काळात जुन्या बोटी कंपन्यांना परवडेनाशा झाल्या. आमची सॉव्हरिन तुर्कस्तानात अलिआगाच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. तिचे फोटो पाहिले, चिखलात रुतलेली, पोटातून उघडी पडलेली. पाहवेना. एम्प्रेसचंही तेच झालं असणार, असं मी धरून चालले होते. ती मुंबईला येऊन पोचली आणि मला पत्ताच नव्हता!

तेव्हा जा. जरूर जा. खोली शक्यतो मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. लहान बोट मोठीपेक्षा जास्त डोलते, म्हणून वहिनी, चक्करची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. पावसाळा संपल्यावरच जा, डिसेंबर-जानेवारी उत्तम. दुरांतोने जाल, पण त्याच दिवशी बोट गाठायचा हट्ट नको, एक रात्र मुंबईत काढा. गाडीला उशीर झाला तर बोट थांबत नाही. सीएसएमटीवरून बॅलार्ड पिअर अगदी जवळ आहे. आणि जेवायला दोघांचंच टेबल मागू नका. पहिल्याच दिवशी सांगा, आम्हाला चौघं-सहाजण असतील तिथे बसवा. वहिनी, तुम्ही बोलायला लागलात की तुमचं टेबल सगळ्या हॉलमध्ये गाजेल. तुमच्या लग्नात मी बारा वर्षांची होते, तेव्हापासून पाहून राहिले ना!

तुमचा सुटायचा दिवस ठरला की कळवा. बोट हलली की मला व्हिडिओ कॉल लावा, इथे कितीही वाजलेले असोत. आणि दादा, कठड्यावर लाकूड अजून आहे का, तेवढं हात लावून पाहून सांग.

मुलांना आशीर्वाद. यांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझी
बेबी