बरा दिसणारा रुग्णही धोक्यात असतो

औषधांच्या अतिमात्रेवरील आपल्या अंकातील लेखात, रुग्ण शुद्धीवर असेल तर घाबरण्याचे कारण नाही, असा जो सूर उमटला आहे, त्यास माझी हरकत आहे. निदान पॅरासिटामॉलच्या बाबतीत तरी हा समज जिवावर बेतू शकतो. या गोळ्या एकदम जास्त घेतल्या गेल्यास पहिले 24 तास मळमळ किंवा एखाददुसरी उलटी यापलीकडे बहुधा काही जाणवत नाही. रुग्ण बोलतो, चालतो, घरी सोडा म्हणतो, आणि यकृताची हानी मात्र आतल्या आत सुरू झालेली असते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या 8 तासांत सर्वाधिक गुणकारी ठरतो. तो द्यायचा की नाही, हे सहसा गोळ्या घेतल्यानंतर किमान 4 तासांनी तपासलेल्या रक्तातील औषधाच्या पातळीवरून ठरते, रुग्णाच्या चेहऱ्यावरून नव्हे. म्हणून आपत्कालीन विभागात ‘किती गोळ्या’ याइतकाच ‘किती वाजता’ हा प्रश्न महत्त्वाचा असून, नातेवाइकांनी गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. रुग्णाला दटावणे तर थांबलेच पाहिजे, कारण भेदरलेला माणूस खरी वेळ सांगत नाही.

– एक वाचक