बोडी (गावचे छोटे तळे) वाचवण्यासाठी मडक्यांचे वीजघट : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या विज्ञान मंडळावर हात पसरायची वेळ फारशी आली नाही, कारण देणाऱ्यांनी न मागता दिले. प्रयोगशाळेच्या खोलीवर पत्रे घातले ते निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी, स्वतःच्या पेन्शनमधून. मल्टिमीटर सायकल दुकानवाल्या भाऊंचा. गेल्या उन्हाळ्यात कुंभारवाड्यातल्या दादांनी आम्ही सांगू तशी पातळ भिंतीची मडकी घडवून दिली, एक पैसा घेतला नाही. त्याच मडक्यांवर आपल्या मुलींनी तालुक्याच्या प्रदर्शनात एलईडी पेटवून ढाल आणली. ती ग्रामपंचायतीत आहे. अजून पाहिली नसेल तर जाऊन पाहावी.

आता प्रश्न बोडीचा आहे. उसन्या (उकड्या) तांदळासाठी धान भिजवल्यावर उरलेले आंबूस पाणी मिलच्या नालीतून सरळ बोडीत उतरते. तेच पाणी मडक्यात भरले की बिनहवेच्या जागेतले जिवाणू त्यातला सेंद्रिय मळ खातात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या कार्बन फेल्टला (कार्बनच्या जाड कापडाला) देतात. ते तारेवाटे बाहेरच्या फेल्टकडे धावतात, तीच वीज. मडक्याची सच्छिद्र भिंत आतली-बाहेरची बाजू वेगळी ठेवणाऱ्या मधल्या पडद्याचे काम करते. एका घटाला जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, तेव्हा गल्लीत दिवे लागतील असे कोणी धरून चालू नये. पाणी साफ होणे ही खरी कमाई, वीज वरकड.

"गटारातून वीज काढता, मग भजीही तळा," असे मागच्या सभेत म्हणणारे चहा पिऊन गेले, वर्गणी राहिलीच. असो. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडात पॉटर यांनी 1911 साली दाखवले. आयआयटी खरगपूरला प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या गटाने तर राईस मिलच्याच सांडपाण्यावर मडक्याचे घट चालवले आणि महागड्या पडद्यापेक्षा मडके सरस ठरले. आपल्याकडे धानही आहे, कुंभारही आहे. अडले आहे ते पैशावर.

पन्नास घट, फेल्ट, तार, नालीला जाळी, गाळाची टाकी, पाणी तपासणी मिळून 60,000 रुपये, जमले 17,000. नवे धान मिलवर येण्याआधी, म्हणजे दिवाळीपूर्वी घट बसायला हवेत. रक्कम खजिनदारांकडे, वाचनालयात सायंकाळी 6 ते 8, क्यूआर फलकावर आहे, पावती घ्यावीच. नागपूर-पुण्याला असलेल्यांनीही मनावर घ्यावे.

आपला,
सचिव

ता. क. टाकीच्या खड्ड्यासाठी रविवारी सकाळी 7 ला श्रमदान. फावडे-घमेले आपापले आणावे, मंडळाकडे दोनच आहेत.